हिवाळी स्पिती आणि डिझेल गाडी: टाकीतलं डिझेल थिजू नये म्हणून काय करायचं

हिवाळ्यात हिमाचलातल्या स्पितीला जायचं ठरलं की माणूस आधी जॅकेट, बूट आणि टायरच्या साखळ्या यांच्या मागे लागतो. गाडी डिझेलची असेल तर त्याच्याही आधी टाकीकडे बघायला हवं. महाराष्ट्रात आपल्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण सकाळी ट्रॅक्टर सुरू होतो. त्यामुळे आपल्या नेहमीच्या मेकॅनिकलाही याचा अनुभव नसतो आणि तो मनापासून सांगतो, "काही होत नाही, बिनधास्त जा." स्पितीच्या मुख्य गावी, काझ्यात, जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो. तिथे होतं.

हे सगळं पुणे, मुंबई, नाशिककडून शिमला-रामपूर-किन्नौर मार्गाने पहिल्यांदा स्वतःची डिझेल गाडी काझ्याला नेणाऱ्यांसाठी लिहितो आहे. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद असते, त्यामुळे मनालीकडून काझ्याला उतरता येत नाही, किन्नौरचाच रस्ता उरतो. लाहौल किंवा लडाखला जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल.

आधी समजून घ्या: नेमकं होतं काय

डिझेलमध्ये पॅराफिन मेण मुळातच विरघळलेलं असतं. ती भेसळ नव्हे, ते डिझेलचंच अंग आहे आणि चांगलं जळतं. थंडी वाढली की हे मेण बारीक स्फटिकांच्या रूपात बाहेर पडायला लागतं. डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली आधी धुरकट होते आणि मग पांढरी घट्ट होते, तसाच हा प्रकार.

यात तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात डिझेल गढूळ दिसतं, पण वाहतं. दुसऱ्यात ते टाकीत अजून पातळच असतं, मात्र मेणाचे कण फिल्टरच्या कागदावर साचून फिल्टर बंद होतो. तिसऱ्यात डिझेल वाहायचंच थांबतं. गाडी बंद पडते ती जवळजवळ नेहमी दुसऱ्या टप्प्यावर. हल्लीच्या डिझेल फिल्टरची छिद्रं अवघ्या काही मायक्रॉनची असतात आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. मेणाचा पातळ थरही इंजिनाचा घास तोडायला पुरतो. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारला आणि डिझेल हलताना दिसलं, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका.

थंडी गाठते तीही आधी गाडीखालून जाणाऱ्या धातूच्या नळ्यांना आणि फिल्टरला. टाकीतलं साठ लिटर डिझेल सावकाश गार होतं, नळीतलं अर्धा-पाऊण लिटर लगेच.

आता आकडे. भारतीय मानक आयएस १४६० नुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा डिझेलचा हिवाळा आणि बाकी सगळा उन्हाळा. फिल्टर बंद पडण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश सेल्सिअस आहे. पंपावरचं डिझेल प्रत्यक्षात यापेक्षा बरंच सरस असू शकतं, पण हमी मिळते ती एवढीच, आणि तीसुद्धा शून्याच्या वरचीच. आपल्या हवामानाला ते पुरतं. उणे वीससाठी ते बनवलेलंच नाही.

म्हणून सगळ्या तयारीचं सूत्र एकच: सपाटीवरचं डिझेल टाकीत घेऊन वर मुक्काम करायचा नाही. बाकीच्या युक्त्या या सूत्राला हातभार लावतात, त्याची जागा घेत नाहीत.

वरचं वेगळं डिझेल

इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं. पानिपतच्या रिफायनरीत तयार होणारं हे डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. लडाख, कारगिल, काझा, केलाँग अशा भागांतल्या गाड्यांची अडचण डोळ्यांसमोर ठेवून ते काढलं गेलं. त्याआधी वरचे लोक डिझेलमध्ये रॉकेल मिसळून दिवस काढायचे.

काझ्याच्या पंपावर पोचलात की गृहीत धरू नका. सरळ विचारा: "विंटर डीज़ल है क्या?" तिथली मंडळी नीट उत्तर देतात. नसेल तर तसंही सांगतात, मग पुढे सांगितलेल्या थंडीविरोधी मिश्रणाचा डोस तिथेही घालायचा.

पायरी १: घरून निघण्याआधी

डिझेल फिल्टर नवा बसवा. जुन्या फिल्टरमध्ये धूळ आणि गाळ आधीच असतो, त्यावर थोडंसं मेण आलं की तो बसलाच. आणखी एक नवा फिल्टर, तो बदलायला लागणारे पाने आणि हातमोजे सोबत घ्या. तुमच्या गाडीचा फिल्टर कुठे आहे, तो कसा उघडतो आणि हाताने दाबायचा प्रायमर (फिल्टरमध्ये डिझेल ओढणारा छोटा पंप) आहे की नाही, हे गॅरेजमध्ये उभं राहून डोळ्यांनी बघा. काझ्यात पहाटे मोबाइलच्या उजेडात शोधत बसण्याची ही गोष्ट नाही.

फिल्टरखालच्या भांड्यातलं पाणी काढून घ्या. डिझेलमध्ये थोडं पाणी असतंच, आणि ते शून्यालाच गोठतं. पुष्कळदा 'डिझेल जमलं' म्हणून जे सांगितलं जातं, तो फिल्टरमधला बर्फ असतो.

बॅटरी तपासा. उणे पंधरा-वीसला तिची ताकद जवळपास निम्मी होते आणि घट्ट झालेलं ऑइल फिरवायला इंजिनाला उलट जास्त जोर लागतो. तीन-चार वर्षं जुनी असेल तर बदलूनच निघा. इंजिन ऑइलची श्रेणी गाडीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

आणि कूलंट! आपल्याकडे रेडिएटरला साधं पाणी टाकून भागवायची सवय आहे. वर ते पाणी गोठलं तर इंजिनाचा ब्लॉक तडकतो, आणि त्या नुकसानीपुढे थिजलेलं डिझेल काहीच नाही. जुनं सगळं काढून कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचं निम्मं-निम्मं मिश्रण भरा, ते उणे पस्तीसच्या आसपास टिकतं. गॅरेजवाल्यासमोर उभं राहून हे करून घ्या.

पायरी २: थंडीविरोधी मिश्रण आणि ते घालायची वेळ

अँटी-जेल नावाने डिझेलमध्ये घालायचं द्रव्य मिळतं. ते मेण नाहीसं करत नाही. मेणाचे स्फटिक मोठे होऊन एकमेकांना चिकटणार नाहीत, बारीकच राहून फिल्टरमधून निघून जातील, एवढं ते बघतं. म्हणूनच ते डिझेल गढूळ होण्याआधी घालावं लागतं. एकदा स्फटिक बनले की साध्या अँटी-जेलचा उपयोग जवळजवळ शून्य. नवखे लोक हे ऐनवेळचं औषध समजून बाटली डिकीत जपून ठेवतात आणि गाडी बंद पडल्यावर ओततात. ते सगळं वाया जातं.

योग्य जागा म्हणजे रामपूर. ते सतलजच्या काठी, साधारण हजार मीटरवर आहे, हिवाळ्यातही तिथे दिवसा बरी ऊब असते. पंपावर आधी बाटली टाकीत ओता, मग डिझेल भरा, म्हणजे ते नीट ढवळलं जातं. मात्रा बाटलीवर दिलेली तेवढीच घ्या. जास्त घालून जास्त फायदा होत नाही आणि दोन कंपन्यांची मिश्रणं एकत्र करायची नाहीत. त्याआधी गाडीची पुस्तिका वाचा, काही कंपन्या अशी द्रव्यं चालत नाहीत असं स्पष्ट लिहितात. तसं असेल तर पुढची पायरी आणखी काटेकोरपणे पाळा.

पायरी ३: टाकीचं गणित

शिमल्याहून काझा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. गाडी घाटात बारा-तेराची सरासरी देत असेल तर पस्तीस लिटरच्या आसपास पोचते. समजा टाकी साठ लिटरची आहे. रामपूरला मिश्रणासह टाकी भरलीत, वाटेत कल्प्याला मुक्काम केलात. पुढे रिकाँग पिओखाली पोवारीचा पंप लागतो. तिथून काझा साधारण दोनशे किलोमीटर आणि मध्ये भरवशाचं काही नाही. पोवारीला टाकीत किती आहे ते बघा आणि काझ्याला पोचताना पाव टाकी उरेल अशा बेताने भरा. पोवारीला नव्याने जेवढं भराल तेवढ्या डिझेलचा डोसही घाला.

पाव टाकी का? काझ्यात पंधरा लिटर जुन्या डिझेलमध्ये पंचेचाळीस लिटर हिवाळी डिझेल पडलं, तर टाकीत तीन चतुर्थांश वरचं डिझेल असतं आणि उरलेल्यात मिश्रण असतंच. तेच तुम्ही पोवारीला काठोकाठ भरून गेलात तर काझ्यात जागाच नसते आणि खालचं डिझेल घेऊन वरच्या थंडीत रात्र काढावी लागते. त्याहून कमी मात्र ठेवू नका. नाकोच्या आसपास, मलिंग नाल्याकडे दरडी कोसळून रस्ता तासन्‌तास बंद राहू शकतो, आणि तेव्हा हिटरसाठी इंजिन चालू ठेवावं लागतं.

काझ्यात शक्यतो दुपारीच पोचा आणि त्याच दिवशी टाकी भरा. उद्या सकाळी भरू म्हणून गाडी हॉटेलसमोर लावू नका, कारण परीक्षा त्याच रात्री असते. शिवाय हिवाळ्यात वीज नाही किंवा टँकर आलेला नाही म्हणून पंप बंदही असू शकतो. हॉटेलवाल्याला आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा, त्याला पक्की खबर असते.

भरून झालं की लगेच पार्किंगला जायचं नाही. नळ्यांत आणि फिल्टरमध्ये अजून जुनंच डिझेल आहे. रंगरीकच्या दिशेने दहा-पंधरा किलोमीटर फिरून या. नवं डिझेल पुढे इंजिनापर्यंत येतं, आणि इंजिनाकडून टाकीत परतणाऱ्या गरम डिझेलमुळे टाकीही थोडी ऊब धरते. ही पायरी लोक हमखास वगळतात. टाकीत उत्तम डिझेल आणि फिल्टरमध्ये मेण, अशी अवस्था मग सकाळी होते.

स्वतःची खात्री करून घ्यायची असेल तर काचेच्या छोट्या स्वच्छ बाटलीत तुमच्या डिझेलचा नमुना घ्या, बूच घट्ट लावा आणि रात्री गाडीच्या टपावर ठेवा. सकाळी उजेडात धरून पाहा. पारदर्शक पिवळं दिसलं तर निर्धास्त असा. धुकं पडल्यासारखं दिसलं तर फिल्टरवर ताण आहे. तळाशी पांढुरका साका बसला असेल तर गाडीला सेल मारण्याआधी ऊन पडायची वाट बघा. तापमानाच्या अ‍ॅपपेक्षा माझा या बाटलीवर जास्त विश्वास आहे, कारण ती तुमच्याच डिझेलबद्दल सांगते.

रॉकेल आणि पेट्रोल

वाटेत कोणीतरी जुना ट्रकवाला प्रेमाने सांगेलच की पाच लिटर रॉकेल टाका. जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रकला ते चालून जायचं, म्हणून तो खोटं बोलत नाही. पण आजच्या कॉमन रेल इंजिनात दीड-दोन हजार बारचा दाब तयार करणारा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो. रॉकेलला ते वंगण नाही. पंप झिजला की त्याचा धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत जातो आणि खर्च लाखांत पोचतो. रेशनचं निळं रॉकेल गाडीत वापरायला कायद्यानेही बंदी आहे. पेट्रोल तर थेंबभरही नको. त्यात वंगण नाहीच, वर टाकीतल्या वाफा सहज पेट घेतील अशा होतात.

पायरी ४: रात्री गाडी कुठे आणि कशी लावायची

सकाळचं पहिलं ऊन जिथे पडतं ती जागा शोधा. दरीत हे महत्त्वाचं असतं, समोरासमोरच्या दोन हॉटेलांत ऊन पोचायच्या वेळेत तासाभराचा फरक पडू शकतो. बोनेट भिंतीकडे, वाऱ्याला आडोसा. वाऱ्यामुळे गाडी हवेपेक्षा जास्त गार होत नाही, पण लवकर गार होते. बोनेटवर जुनी गोधडी किंवा जाड ताडपत्री टाका आणि सकाळी सेल मारण्याआधी आठवणीने काढा. हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो गोठून चिकटू शकतो, त्यामुळे सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली दगड लावा.

रात्री दर दोन-तीन तासांनी उठून इंजिन चालू करावं का, हे सगळेच विचारतात. माझं मत असं: टाकीत योग्य डिझेल असेल आणि बॅटरी चांगली असेल तर गरज नाही, झोपा. शंका असेल तर मध्यरात्री एकदा चालू करा, पण मग वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या. पाच मिनिटं घुरघुर करून बंद केली तर बॅटरीतून गेलेली वीजही भरून येत नाही आणि टाकीही गरम होत नाही. यातही जिवाशी संबंध असलेली एक गोष्ट आहे. इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नका आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. सायलेन्सरसमोर बर्फ साचलेला असेल तर धूर आत वळतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत काहीच कळत नाही.

गाडीत अ‍ॅडब्लू (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रव्य) लागत असेल तर ते उणे ११ ला गोठतं. घाबरू नका, ते गोठलं तरी इंजिन सुरू होतं आणि गाडीतला हिटर ते वितळवतो. फक्त त्याचा कॅन गच्च भरून गाडीबाहेर ठेवू नका, गोठताना ते फुगतं.

पायरी ५: सकाळी सुरू करताना

किल्ली फिरवा आणि ग्लो प्लगचा (इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझेपर्यंत थांबा. मग किल्ली बंद करून हेच पुन्हा एकदा करा. क्लच पूर्ण दाबा, दिवे, पंखा, म्युझिक सगळं बंद, आणि सेल मारा. दहा सेकंदांच्या वर नाही. नाही लागली तर मिनिटभर थांबून पुन्हा.

इथे आवाज ओळखायला शिका. सेल मलूल, ओढत-ओढत फिरत असेल किंवा नुसतं 'टक्' होत असेल तर दोष बॅटरीचा, तेव्हा दुसऱ्या बॅटरीने जंप स्टार्ट द्या. सेल जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर इंधन पोचत नाहीये. आणि तिसरी, सगळ्यात फसवी तऱ्हा म्हणजे गाडी झटक्यात सुरू होते, दोन-तीन मिनिटं नीट चालते आणि मग आचके देत बंद पडते. पुढच्या नळीतलं डिझेल संपेपर्यंत ती चालली आणि मागून फिल्टरने रोखलं. अशा वेळी पुन्हा-पुन्हा सेल मारून बॅटरी संपवायची नाही.

सुरू झाली की रेस करू नका. चार-पाच मिनिटं आयडलवर ठेवा आणि हळू निघा.

तरीही थिजलंच तर

पहिला उपाय म्हणजे ऊन आणि धीर. दहा-अकरा वाजेपर्यंत थांबलं की पुष्कळ गाड्या आपसूक मोकळ्या होतात.

थांबणं शक्य नसेल तर फिल्टरला ऊब द्या. उकळतं नव्हे, हाताला सोसेल त्याहून थोडं गरम पाणी घ्या, जाड फडकं त्यात भिजवून फिल्टरभोवती गुंडाळा आणि दर काही मिनिटांनी बदला. वायरिंगच्या जोडांवर पाणी सांडू देऊ नका, ते तिथेच गोठेल. हॉटेलात वीज असेल तर हेअर ड्रायर त्याहून सोयीचा. त्यानंतर प्रायमर दाबून बघा. तो दगडासारखा घट्ट लागण्याऐवजी हळूहळू डिझेल ओढायला लागला की वाट मोकळी झाली.

तेवढ्याने भागलं नाही तर सोबतचा नवा फिल्टर बसवा. बाहेर काढलेल्या फिल्टरच्या घड्यांमध्ये मेणचट, पिवळसर-पांढरा लेप बोटाला लागला तर निदान पक्कं. त्याजागी पारदर्शक खडे दिसले तर तो पाण्याचा बर्फ. मेण असेल तर टाकीत थिजलेल्या डिझेलसाठीचं खास द्रव्य लागेल, ते अँटी-जेलपेक्षा वेगळं असतं. बर्फ असेल तर तो वितळवून फिल्टरमधलं पाणी काढलं की काम होतं. फिल्टर बदलल्यावर प्रायमर मारून हवा काढा. इंजिनावरच्या जाड दाबाच्या नळ्यांच्या नटांना मात्र हात लावायचा नाही, जुन्या ट्रॅक्टरची हवा काढतात तसं इथे चालत नाही. त्यातून निघणारी चिळकांडी कातडी भेदून आत जाते.

टाकीखाली शेकोटी पेटवणारे लोक तुम्हाला दिसतील. काहीजण टायरचा पाना तापवून टाकीला लावतात. हल्लीच्या टाक्या बहुधा प्लॅस्टिकच्या असतात, शेजारून वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या जातात. कोणी कितीही अनुभवी असला तरी तुमच्या गाडीखाली त्याला जाळ करू देऊ नका.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी थोडक्यात

जर्मनीत नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंपावर उणे २० पर्यंत चालणारं डिझेल आपोआप मिळतं, वेगळं मागावं लागत नाही. फसगत होते ती सप्टेंबरात टाकी भरून उभ्या ठेवलेल्या गाडीची, किंवा दक्षिणेकडच्या उबदार देशात भरून थेट आल्प्समध्ये गेलेल्यांची. थंडीआधी जुनं डिझेल वापरून संपवा. कॅनडात नवीन असाल तर गाडीच्या पुढून लोंबणारी ब्लॉक हीटरची वायर रात्री जोडायला विसरू नका. मात्र तो इंजिन गरम ठेवतो, टाकीतलं डिझेल नाही. तिथेही स्थानिक हिवाळी डिझेलच हवं.

उतरताना

काझ्याचं उरलेलं डिझेल पुण्यापर्यंत आणायला काही हरकत नाही, उष्णतेत त्याचं काही बिघडत नाही. फार तर सरासरी किंचित कमी मिळेल. घरी आल्यावर फिल्टरच्या भांड्यातलं पाणी पुन्हा काढा. वर फिल्टर थिजला असेल आणि तोच मोकळा करून वापरत आला असाल तर तो बदलून टाका. न वापरलेला दुसरा फिल्टर पाकिटातच, कोरड्या जागी ठेवा आणि अँटी-जेलच्या उरलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा.